वास : विशेष नाही

नाशिकच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षं सहायक आहे. सहायक म्हणजे काय, तर काचपट्ट्या धुणं, सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांवरचे बोटांचे डाग पुसणं, प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी कुठून तरी जास्वंदीची फुलं पैदा करणं आणि ‘हो सर’ म्हणणं. घरी माझी जीभ कात्रीसारखी चालते, असं नवऱ्याचं मत आहे. तो अंबडला कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो, त्यामुळे माझं निम्मंच बोलणं त्याच्या वाट्याला येतं, तरी तक्रार असतेच. पण कॉलेजच्या फाटकातून आत शिरले की ती जीभ कुठे जाते देव जाणे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी सरांना नावं ठेवायला लागले की वाचणाऱ्याने एक डोळा माझ्यावरही ठेवावा.

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. त्यांना काही वर्षांपूर्वी रानातल्या अळंब्यांचा प्रकल्प मिळाला. पेठच्या बाजूच्या डोंगरांत पावसाळ्यात ज्या अळंब्या उगवतात, त्या जिथे उगवतात तिथेच जाऊन बघायच्या, त्यांचे फोटो काढायचे, मापं घ्यायची, वाळवून पुडीत घालायच्या आणि कुठली कोणती ते ठरवायचं. काम मोठं छान. सरांना त्यात एकच अडचण होती, ती म्हणजे अळंब्या डांबरी रस्त्यावर उगवत नाहीत. सरांचे गुडघे चढावर दुखायचे. चिखलाचंही त्यांना वावडं होतं. मग गाडी रस्त्याच्या कडेला लागायची, काचा वर व्हायच्या, आत थर्मास उघडायचा आणि मी पिशवी घेऊन रानात शिरायचे.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी असं काम दिलं होतं, ज्यात कोणाचं उष्टं पुसायचं नव्हतं. अळंबी दिसली की लगेच उपटायची नाही. ती उभी असतानाच फोटो काढायचा, वरून, बाजूने, आणि पर्समधला छोटा आरसा तिच्याखाली सरकवून टोपीच्या आतल्या बाजूचा. त्या आतल्या पात्यांना गिल्स म्हणतात आणि त्या देठाला कशा चिकटल्या आहेत यावर पुष्कळ अवलंबून असतं. मग सुरी खोल घालून मातीसकट उचलायची, कारण ओळखीची खूण कधी कधी मातीत गाडलेल्या बुडख्यातच असते. आणि लगेच, तिथल्या तिथे, वास घ्यायचा.

हा वास महत्त्वाचा. रंग फोटोत राहतो. माप वहीत राहतं. वाळलेल्या तुकड्यातले बीजाणू वीस वर्षांनीही सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. वास मात्र ज्याने त्या दिवशी घेतला, त्याच्यापाशीच असतो. अळंबी एकदा वाळवायच्या ओव्हनमध्ये गेली की तो गेला. माझं नाक लहानपणापासून तिखट. नाशिक रोडला आमच्या कॉलनीत कोणाकडे काय शिजतंय हे मी जिन्यातूनच सांगायचे आणि आईचा मार खायचे. ते नाक पन्नाशीच्या आसपास एकदाचं कामाला आलं.

घरी आणलेल्या अळंबीची टोपी कापून अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर पालथी ठेवायची आणि वर वाटी झाकायची. सकाळपर्यंत बीजाणूंची बारीक भुकटी खाली पडून कागदावर ठसा उमटतो. कोणाचा पांढरा, कोणाचा गुलाबी, कोणाचा गंजासारखा. नवऱ्याने एकदा चटणी असेल म्हणून वाटी उचलली. त्यानंतर पावसाळाभर तो जेवायला बसला की आधी प्रत्येक वाटीकडे संशयाने बघायचा.

मावशी मला पहिल्याच पावसाळ्यात भेटली. मावशी म्हणजे पेठच्या पुढे एका पाड्यावर राहणारी, सत्तरीची, विधवा बाई. मुलगा, सून आणि दोन नातवंडांसोबत राहायची. उतारावर त्यांची नागलीची, म्हणजे नाचणीची, आणि वरईची शेती होती. मी ऐनाच्या झाडाखाली पालथी पडून एका अळंबीखाली आरसा सरकवत होते. मागून हसण्याचा आवाज आला.

“आरसा कशाला दावतीस तिला? नवरी हाय का ती?”

मी उठेपर्यंत ती शेजारी येऊन गुडघ्यांवर बसली होती. तिने हात मागे बांधले, वाकून नाक अळंबीपाशी नेलं, आणि उठली.

“ही नको घेऊ. हिला वास नाय.”

“मला खायची नाहीये मावशी. मी लिहून घेतेय.”

“खायची नाय तर घेतीस कशाला?” म्हणाली, आणि माझ्याकडे वेड्या माणसाकडे बघावं तसं बघत राहिली.

पण तिला माझी गंमत वाटली असावी. ती मला चार पावलं पुढे घेऊन गेली. तिथे तशाच अळंब्या होत्या. तशीच मातकट टोपी, मधे तोच उंचवटा, त्याच पांढऱ्या गिल्स, तेवढाच देठ. माझ्या वहीत त्या आणि आधीच्या एकाच ओळीत बसल्या असत्या. “आता घे वास,” म्हणाली. मी वाकले. नुकतीच गिरणीतून आणलेली नागली, पीठ अजून गरम असताना डब्याचं झाकण उघडावं, तसा वास आला. इतका स्पष्ट, की मी मान वळवून आसपास कोणी पीठ सांडलंय का ते पाहिलं.

तिच्या घरात या वासाच्या अळंबीला पिठी म्हणत. बिनवासाची ती मुकी. दोघी एकाच रानात, पोळ्याच्या आगेमागे, जेमतेम दहा-बारा दिवस येतात. पिठी खायची. मुकी खाल्ली तर माणूस दोन दिवस ओकतो आणि संडासला पळतो, लहान मूल असेल तर त्याहून वाईट. डोळ्यांनी दोघींत फरक करता येत नाही, असं मावशी म्हणायची आणि मी माझ्या सगळ्या आरशा-मोजपट्ट्यांनी तिला खोटं ठरवायचा प्रयत्न केला. नाही जमलं.

म्हणून तिच्या घराची रीत होती. टोपलीत पडणारी प्रत्येक अळंबी एकेक करून नाकाला लावायची, घाऊक काही नाही. अळंब्यांच्या त्या दहा-बारा दिवसांत बायका मिश्री लावायच्या नाहीत, तंबाखूने नाक मरतं. आणि जिला सर्दी झाली असेल तिने रानात जायचंच नाही, घरी बसून मीठ-मिरची वाटायची. ही रीत तिला तिच्या सासूने लावली होती आणि तिच्या सासूला तिच्या सासूने. चार पावसाळे मी तिच्यामागे फिरले. तिच्या चुलीपाशी बसून लसूण-मिरची घातलेली पिठी नागलीच्या भाकरीशी खाल्ली. सरांसाठी डबा आणला नाही, कारण सरांनी विचारलं नाही.

पिठीच्या प्रत्येक पुडीवर मी जागा, झाड, तारीख लिहायचे आणि खाली माझ्या अक्षरात : वास ताज्या दळलेल्या नागलीच्या पिठाचा. खातात. त्याखाली मावशीचं नाव आणि पाडा. आणि संग्राहक म्हणून माझं नाव. संग्राहक म्हणजे ज्याने गोळा केलं तो. वहीत फक्त मापं असायची. वास मी पुडीवरच लिहायचे, कारण पुडी हातात असतानाच तो नाकात असायचा.

चौथ्या पावसाळ्यानंतर सरांनी पिठीचे फोटो आणि वाळलेले तुकडे बाहेरच्या एका तज्ज्ञांना पाठवले. तज्ज्ञांचं उत्तर आलं की ही बहुधा आजवर कोणी न नोंदवलेली जात आहे. सर विभागात अक्षरशः धावत आले. त्या दिवशी गुडघे दुखत नव्हते. सगळ्यांसमोर मला म्हणाले, “रिसर्च पेपरात तुमचं नाव येणार बरं का.”

हे वाक्य मी घरी नेलं. नवऱ्याने ते अख्ख्या शिफ्टला सांगितलं. माझे वडील तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. त्यांनी सगळी हयात नाशिक रोडच्या प्रेसमध्ये काढली, कोट्यवधी नोटा छापल्या जाताना पाहिल्या, पण आपल्या घरातलं नाव छापलेलं त्यांनी पाहिलं ते फक्त लग्नपत्रिकांवर. दर रविवारी ते मला विचारायला लागले, “आलं का छापून?” मी म्हणायचे, “वेळ लागतो अण्णा.” मला ते नाव हवं होतं. हे लपवण्यात अर्थ नाही. कोणाला बंगला हवा असतो, कोणाला सोनं हवं असतं. मला एका छापील ओळीत माझं नाव हवं होतं आणि त्यासाठी मी चार वर्षं जळवा काढल्या होत्या पायांवरच्या.

मग पुड्यांचं झालं. सर म्हणाले, पुड्या मळल्यात, तज्ज्ञ बघायला येतील तेव्हा बरं दिसणार नाही. तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच नव्या करा. नवी लेबलं छापून आली होती. मी खुर्चीत बसले, पहिलं लेबल घेतलं, आणि पाहिलं तर ‘संग्राहक’ या शब्दापुढे सरांचं नाव आधीच छापलेलं. सगळ्या लेबलांवर. मला फक्त जागा, तारीख आणि झाड भरायचं होतं. वासाला रकाना नव्हता, खातात की नाही याला नव्हता, कोणी सांगितलं याला तर नव्हताच.

मी विचारायला हवं होतं. पण मी मनाची समजूत घातली की प्रकल्प त्यांचा आहे, लेबल काय, औपचारिकता असते, पेपरात नाव येणारच आहे. तीन दुपारी बसून मी माझ्या चांगल्या अक्षरात सगळ्या पुड्या नव्या केल्या. जुन्या रद्दीत गेल्या. मावशीचं नाव, माझं नाव आणि नागलीच्या पिठाचा वास, तिन्ही एकाच गठ्ठ्यात, माझ्या हातानेच सुतळी बांधून. एवढा सुबक गाढवपणा फक्त प्रयोगशाळा सहायकच करू शकतो.

महिन्याभराने सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते लॅपटॉपवर पिठीचं वर्णन लिहीत होते आणि जे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं ते मला विचारत होते. टोपी ओली असताना चिकट होती का. देठ हाताने मोडल्यावर रंग बदलतो का. मी उभी होते, ते बसले होते, त्यामुळे पडदा मला दिसत होता. वरच्या बाजूला लेखकांची नावं होती. पहिलं सरांचं. दुसरं तज्ज्ञांचं. तिसरं सरांच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचं. तो एकदाच आमच्याबरोबर आला होता, सावळघाटात त्याला उलट्या झाल्या आणि दिवसभर तो गाडीत मागच्या सीटवर झोपून होता.

मी दोनदा वाचलं. मग धीर करून विचारलं, “सर, माझं नाव?”

“आहे ना, शेवटी आभारात. प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे आभार असं घातलंय,” सर म्हणाले. अगदी प्रेमाने म्हणाले. “लेखक म्हणून घालायचं तर काही पात्रता लागते हो. तुम्हाला माहितीच आहे.” आणि पुन्हा पडद्याकडे वळले. “बरं, वास?”

त्यांच्या तोंडावर सांगावं, नोकरी गेली तर गेली, असं एक क्षण वाटलं. तेवढी हिंमत नव्हती. पण एक गोष्ट माझ्या हातात होती आणि ती मला त्याच क्षणी कळली. ते जे विचारत होते ते त्यांना सांगू शकणाऱ्या जगात दोनच बायका होत्या. एक पेठला होती आणि दुसरी त्यांच्यासमोर उभी होती.

“विशेष नाही,” मी म्हणाले.

सरांनी टाइप केलं.

“खातात वगैरे?”

“माहीत नाही सर.”

तेही टाइप केलं. मी बाहेर आले आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं. बसमध्ये खिडकीपाशी बसून मी एकटीच हसत होते. तुमचं नाव, तुमची जात, तुमचा पेपर, घ्या सगळं. पण त्यातला जीव काही तुम्हाला मिळाला नाही. तो मी ठेवून घेतला. दोन दिवस मी या आनंदात भांडी सुद्धा घासली.

पेपर छापून आला. कॉलेजात सत्कार झाला. सरांना शाल देताना ताट धरायला कोणीतरी लागतं, ते मी धरलं. अण्णांना छापील प्रत नेऊन दाखवली. इंग्रजी होती. त्यांनी चष्म्यावर भिंग धरून पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग मी त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं. तीही त्यांनी भिंगाखाली धरली. “कर्मचारी म्हणजे तूच ना?” म्हणाले. मी हो म्हटलं. “मग झालं तर,” म्हणाले, आणि भिंग डबीत ठेवून दिलं. पुढच्या रविवारी त्यांनी काही विचारलं नाही.

गोष्ट इथे थांबली असती तर मी ती लिहिलीही नसती. असे अपमान घरोघरी असतात. पण पुढच्या पावसाळ्यात कॉलेजने गावोगावी एक पत्रक वाटायचं ठरवलं. आदल्या वर्षी पेठच्या बाजूला एका पाड्यावर भलती अळंबी खाऊन काही माणसं दवाखान्यात पोचली होती, त्यातली दोन पोरं होती. हेतू चांगलाच होता. पत्रकं छापून आली आणि शंभर-शंभराचे गठ्ठे बांधायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. सहावा की सातवा गठ्ठा बांधताना माझं लक्ष गेलं. तिसऱ्या रकान्यात पिठीचा फोटो होता. माझाच, आरसा धरून काढलेला. खाली लिहिलं होतं : या अळंबीला विशेष वास नसतो. ती खाण्यायोग्य असल्याचा पुरावा नाही. खाऊ नये.

सुतळी हातातच राहिली. सर पेपर लिहीत होते तेव्हा मला वाटलं होतं की तो वाचून वाचून कोण वाचणार, चार कॉलेजातले चार सर. हे वाक्य चालत चालत मावशीच्या पाड्यावर जाईल असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि त्या वाक्यात नुसतं पिठी खाऊ नका एवढंच नव्हतं. पिठीचा चेहरा लावून मुकीचं वर्णन केलं होतं. मावशीच्या घरात पिढ्यानपिढ्या ज्या एका खुणेवर माणसं जगली, ती खूणच मी पुसून टाकली होती.

मी तशीच सरांकडे गेले. म्हणाले, “सर, हिला वास असतो. नागलीच्या पिठाचा. पाड्यावर खातात ही.”

“तुम्हीच तर नाही म्हणालात.”

“चुकून म्हणाले.” बघा, त्या वेळीही मी खरं बोलले नाही.

सरांनी दार लोटून घेतलं. “आता छापून आलंय. दुरुस्ती पाठवायची म्हणजे मी त्या तज्ज्ञांना काय सांगू? की माझ्याच नावाने गोळा केलेल्या अळंबीचा मी वास घेतला नव्हता?” मग मऊ आवाजात म्हणाले, “आणि लोकांनी नाही खाल्ली तर बिघडलं काय? मरणार तर नाहीत ना कोणी.” दुपारी पत्रकांची गाडी निघाली.

पोळ्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी एकटीच पेठच्या एसटीत बसले. उतरून पाड्यापर्यंत चालताना काय बोलायचं ते तीन प्रकारे जुळवून ठेवलं होतं. मावशी ओट्यावर बसली होती. पुढ्यात टोपली होती आणि टोपलीत पिठी. शेजारी तिची सून उभी होती. सून बारावी शिकलेली, गावात आशाताई म्हणून काम करते, दुखणीखुपणी बघते, गोळ्या वाटते. दाराशेजारच्या भिंतीवर आमचं पत्रक चिकटवलेलं होतं. अर्थात ते वाटायचं काम तिच्याकडेच असणार, हे मला तेव्हा सुचलं.

“आली बघ कॉलेजवाली,” मावशी मला बघून उठलीच. “आता हिलाच इचार. बाई, तू सांग हिला. सकाळधरनं भांडतीय. चार वर्सं माझ्यासंगं फिरली तू, माझ्या चुलीपाशी बसून खाल्ली. ही म्हनती, म्हातारे, तुला कळत नाय, कागदात लिवलंय.”

सून मला बसायला म्हणाली, पाणी दिलं. भांडखोर बाई नाही ती. मग पत्रकाकडे बोट करून म्हणाली, “ताई, हा कागद तुमच्याच कॉलेजचा हाय ना?”

“हो.”

“फोटो हिचाच?”

“हो. मीच काढलाय.”

“आई म्हनतात हिला वास असतो, म्हनून ही चांगली. कागदात लिवलंय, हिला वास नसतो. दोघांतलं एक खोटं हाय.”

छपाईची चूक आहे, असं म्हणता आलं असतं. मनात जुळवलेल्या तिन्ही प्रकारांत तेच होतं. पण मावशी माझ्याकडे इतक्या भरवशाने बघत होती की तोंडातून ते निघेना.

“कागद खोटा आहे,” मी म्हणाले. “मी सांगितलं म्हणून तसं छापलं. आणि मी मुद्दाम खोटं सांगितलं होतं.”

“मुद्दाम? का?”

“रागात. चार वर्षं काम करून माझं नाव घातलं नाही म्हणून.”

मला वाटलं सून चिडेल. ती चिडली नाही, ती हिशेब लावत होती. “म्हंजे तुम्हाला तुमच्या सायबाचा राग आला,” ती सावकाश म्हणाली, “आनि तुम्ही खायच्या वस्तूबद्दल खोटं लिवून दिलं.”

“हो.”

“मग आज खरं बोलताय हे मी कशावरनं धरू?”

मी टोपलीतली एक पिठी उचलून तिच्यापुढे धरली. “वास घ्या ना. तुम्हीच बघा.” तिने घेतला. “येतोय,” म्हणाली. “पर वास आला म्हंजे चांगली, हे मला कोनी सांगितलं? आईंनी. नायतर तुम्ही. आईंना तुम्ही कागदावर खोटं पाडलं, आनि आता सोताला पन.”

“मी खाते. इथे बसून, तुमच्यासमोर खाते.”

“तुम्ही खा ताई. माझ्या चुलीवर नको. गेल्या साली ती पोरं मीच गाडीत घालून नेली व्हती. तेंच्या आयाबी हेच म्हनत व्हत्या, आमी नेहमी खातो.” तिने टोपली उचलली. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, हे मला कळत होतं आणि म्हणूनच मला तिला अडवता येईना. ती घरामागे गेली. उकिरड्यावर टोपली पालथी झाल्याचा, बुडावर थाप मारल्याचा आवाज आला.

मावशी ओट्यावर पुन्हा बसली. मी तिच्याशेजारी बसले. माफी मागावी म्हणून मी तोंड उघडलं तर तिनेच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“रागात व्हती तर मला येऊन सांगायचं व्हतंस,” म्हणाली. “आपन दोघींनी बसून घातल्या असत्या त्याला शिव्या. लय येतात मला.” आणि थोडी हसलीसुद्धा. मग हात काढून घेतला. “पर मला एक सांग. तुझ्या नाकानं घेतलेली ती. तिला वास नाय, असं म्हनवलं कसं गं तुला?”

थोड्या वेळाने सूनबाई चहा घेऊन आली, आम्ही तिघींनी तो प्यायला आणि मी एसटीसाठी निघाले.

यंदा पोळ्याच्या सुमारास मी सुनेला फोन केला. मावशी बरी आहे म्हणाली. रानात गेली होती का, विचारलं. “नाय ताई,” सून म्हणाली. “मी अडवलं नाय बरं का. मीच म्हनले, तुमची हौस असली तर जाऊन या. तर म्हनाल्या, नको. मला आता वासाचं खात्रीनं सांगता येत नाय.”